पाकिटातले सालगडी

गेल्या जुलैच्या शेवटी शेजारच्या रानातला पोरगा सोयाबीनची चार झाडं उपटून घेऊन अंगणात आला. पानं फिकट, पिवळसर. झाडं ओट्यावर टाकून म्हणाला, "काका, यंदा जिवाणू लावले होते बियाण्याला. दुकानदारानं सांगितली तेवढी पाकिटं लावली. बघा, एक गाठ नाही."

खरंच नव्हती. पण झाडं त्यानं ओढून काढली होती. काळ्या रानातून सोयाबीन ओढलं की सोटमूळ तेवढं हातात येतं. बारीक मुळ्या आणि गाठी मातीतच राहतात. म्हटलं, "कुदळ आण आणि बादली घे." त्याच्या रानात गेलो. झाडापासून वीतभर अंतर सोडून चारी बाजूंनी खणलं, ढेकळासकट झाड उचललं आणि बादलीतल्या पाण्यात सोडून दिलं. माती आपोआप सुटेपर्यंत बांधावर बसून पान खाल्लं. मग मुळं हलक्या हातानं खळबळली. गाठी होत्या, पण मोजक्या आणि त्याही लांबच्या आडव्या मुळांवर. सोटमुळाच्या वरच्या दोन-तीन बोटांत, जिथं त्यांचा घोस असायला हवा तिथं, चार-पाचच. नखानं एक फोडली. आतून पांढुरकी.

तिथंच बसून त्याला तीन गोष्टी विचारल्या. पाकिटं आणल्यावर कुठं ठेवली होती? दुचाकीच्या डिकीत, पाऊस लांबला म्हणून पाच-सहा दिवस. बियाण्याला आणखी काय लावलं? बुरशीनाशक, दोन्ही एकाच घमेल्यात, एकाच वेळी कालवून. पिवळं पडायला लागल्यावर काय केलं? युरिया फेकला.

हे त्याचं एकट्याचं नाही. दर खरिपात हजारो शेतकरी जिवाणू खताची पाकिटं नेतात, त्यातले कितीतरी असंच करतात आणि दिवाळीत "त्यात काही राम नाही" म्हणून मोकळे होतात. आपण पाकीट खताच्या बॅगेसारखं वापरतो, ही मुळातली चूक आहे. युरिया उन्हात राहिला तरी युरियाच राहतो. पाकिटात मात्र जीव असतात. आपल्याकडं पाडव्याला सालगडी ठरवतात तेव्हा आधी काय बोलणं होतं? धान्य किती, राहायचं कुठं, अंथरूण-पांघरूण, उचल. काम काय करायचं ते नंतर. जिवाणूंचंही तसंच आहे. पाकीट कोणतं घेतलं यापेक्षा त्यांच्या राहण्या-खाण्याची सोय काय केली यावर सगळं ठरतं.

आधी हे गडी करतात काय, ते नीट समजून घेऊ.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर रायझोबियम कुळातले जिवाणू गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र पिकाला चालेल अशा रूपात बांधून देतात. बदल्यात पीक त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरवतं. हे १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी दाखवून दिलं आणि दोनच वर्षांत हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींतला जिवाणू वेगळा काढला. आपल्या आज्या-पणज्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण मुगाचा नाहीतर हरभऱ्याचा बेवड चांगला, त्याच्यावर पुढचं पीक जोमात येतं, हे पक्कं ठाऊक होतं. बेवड हा शब्द प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीचा आहे.

गाठीतल्या या कारखान्याची एक अडचण आहे. नत्र बांधणारं विकर प्राणवायू लागला की निकामी होतं आणि जिवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड असलेला एक लाल पदार्थ तयार होतो. तो प्राणवायू मोजून-मापून पुरवतो. काम चालू असलेली गाठ फोडली की आतून गुलाबी, पेरवाच्या गरासारखी लालसर निघते, ती त्यामुळेच. पांढरी असेल तर काम अजून सुरू झालेलं नाही किंवा होणारच नाही. हिरवट-तपकिरी म्हणजे गाठ थकली. एवढी सोपी तपासणी दुसऱ्या कुठल्या खताला नाही. युरिया कामाला लागला का हे मुळं खणून कळत नाही. इथं नखानं कळतं.

आता सोयाबीन. आपल्याकडं डाळवर्गीय पिकं हजारो वर्षांची, पण सोयाबीन पाहुणं आहे. महाराष्ट्रात ते गावोगाव पसरलं ते गेल्या तीन-चार दशकांत. त्याच्या गाठीतला जिवाणू वेगळा, ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. ज्या रानात आजवर सोयाबीन कधी झालंच नाही तिथं हा जिवाणू बहुधा नसतो आणि तिथं जिवाणू लावण्याचा फरक डोळ्याला दिसतो. उलट, वीस वर्षं सोयाबीनवर सोयाबीन घेतलेल्या रानात मातीतच त्याची वस्ती असते. तिथं फरक कमी पडतो, हे मी लपवणार नाही. पण उन्हाळ्यात चार महिने तापून निघालेल्या रानात किती उरले, ते कामाचे आहेत की नुसते बसून खाणारे, याचा भरवसा नसतो. पाकिटांचा खर्च डीएपीच्या बॅगेपुढं किरकोळ. म्हणून मी दरवर्षी लावतो.

ब्राझीलचं उदाहरण इथं द्यायलाच हवं. योहाना डोबेराइनर नावाच्या बाई तिथं जमिनीतल्या जिवाणूंवर काम करत. सोयाबीनला नत्र खत न घालता जिवाणूंच्या भरवशावर वाढवायचं, असा त्यांचा आग्रह होता. आज ब्राझीलचं सोयाबीन जवळजवळ सगळं नत्र खताविना पिकतं आणि तो देश जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत आहे. आणि आपण पीक जरा फिकट दिसलं की युरियाची बॅग फोडतो.

युरियानं बिघडतं काय? मुळाशी आयता नत्र मिळाला की पीक गाठींवर साखर खर्च करत नाही. गाठी कमी होतात, झालेल्या सुस्तावतात. पेरणीच्या वेळी थोडा नत्र द्यायला हरकत नाही. कोवळ्या रोपाला पहिले तीन आठवडे आधार लागतो. त्यानंतर वरून युरिया फेकणं म्हणजे घरी गडी असताना बाहेरून मजूर आणून त्याच्या देखत कामाला लावणं.

मग पिवळं का पडतं? बहुतेक वेळा पाण्यामुळं. आठ-दहा दिवस झड लागली, रान चिबडलं की मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि गाठींना हवा मिळत नाही. वाफसा हा आपला शब्द मला फार मोलाचा वाटतो. ओलही आहे आणि हवाही आहे, अशी मातीची ती अवस्था. मुळांना जे हवं तेच गाठींना हवं. तेव्हा पिवळं दिसलं तर आधी शेतात चर काढा, साचलेलं पाणी बाहेर घालवा आणि आठ दिवस थांबा. जमीन भारी असेल तर पुढच्या वर्षी रुंद वरंब्यावर पेरा. अजून एक ओळख ठेवा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर तो चुनखडीच्या रानातला लोहाचा प्रश्न आहे. त्याला जिवाणूही उपयोगाचे नाहीत आणि युरियाही नाही.

आता पाकिटाकडं येऊ. दुकानात उभं राहून आधी मागची बाजू वाचा. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीच्या खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी. पाकिटावर जिवाणूचं नाव, पिकाचं नाव, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असायला हवी. पिकाचं नाव महत्त्वाचं. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग ही मंडळी बऱ्याच अंशी एकमेकांचे जिवाणू चालवून घेतात. सोयाबीन आणि हरभरा दोघंही स्वतःचाच मागतात. नुसतं "सर्व पिकांसाठी" असं छापलेलं पाकीट मी घेत नाही.

मुदत शिल्लक असली तरी पाकीट होतं कुठं, हे बघा. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात राहिलेल्या पाकिटात छापलेला आकडा उरत नाही. एके ठिकाणी मला पाकीट काढून दिलं ते काचेच्या कपाटात, थेट उन्हात मांडलेलं. मी ते परत केलं, तर दुकानदार हसला. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर, म्हणजे राहुरी, परभणी, अकोला, दापोली आणि पुण्याचं कृषी महाविद्यालय, ताजा माल मिळण्याची शक्यता जास्त. जमलं तर मेअखेरीस जाऊन आणावं आणि घरात माठाशेजारी, गार अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावं. फ्रिजच्या बर्फाच्या खणात मात्र नको.

हिशेब एकदा डोळ्यांसमोर आणा. एक किलो बियाण्याला २५ ग्रॅम भुकटी ही शिफारस. २५ ग्रॅम म्हणजे १२५ कोटी जिवाणू. किलोभर सोयाबीनमध्ये साधारण आठ-नऊ हजार दाणे भरतात. म्हणजे एका दाण्याच्या वाट्याला दीडेक लाख. वाटायला खूप, पण मातीच्या एका चिमटीत आधीच कोट्यवधी जीव भुकेले बसलेले असतात. त्या गर्दीतून कोवळ्या मुळापर्यंत पोचायचं आहे. पाकिटातले शंभरातले नव्व्याण्णव डिकीत भाजून मेले, तर दाण्यामागं उरतात दीड हजार. माझ्या शेजाऱ्याचं तेच झालं.

लावायची रीत. एकरी ३० किलो बियाणं धरा. भुकटी असेल तर २५० ग्रॅमची तीन पाकिटं रायझोबियमची आणि तेवढीच पीएसबीची, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची. द्रवरूप असेल तर किलोला १० मिली या हिशेबानं दोन्हींची ३००-३०० मिली. सोयाबीनला मी द्रवरूपच पसंत करतो, कारण या दाण्याची साल फार पातळ. भुकटी चिकटवण्याच्या नादात पाणी जास्त पडलं की साल सुरकुतते, सुटते, आणि मग उगवण बसते. भुकटीच वापरायची असेल तर लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोमट पाण्यात घाई करू नका. बियाणं सावलीत ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर पातळ पसरा, गुळाचं पाणी हातानं शिंपडा, दाणा नुसता ओलसर चिकट झाला की थांबा. सगळं पाणी संपवलंच पाहिजे असं नाही. मग भुकटी भुरभुरवा आणि ताडपत्रीचे दोन कोपरे दोघांनी धरून बियाणं इकडून तिकडं लोळवा. हातानं चोळू नका, पिंपात घालून खडाखडा फिरवू नका. सोयाबीन डाळ होऊन बाहेर येतं. प्रत्येक दाण्यावर काळसर हात फिरल्यासारखा दिसला की झालं. तास-अर्धा तास सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाऊस आला, पेरणी लांबली, तर लावलेलं बियाणं चार दिवस ठेवून मग पेरण्यात अर्थ नाही. पुन्हा लावावं लागेल. म्हणून वाफसा बघून, पाभर जुंपायची असेल त्याच सकाळी हे काम करा.

बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचं असेल तर क्रम पाळा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते पूर्ण सुकलं की शेवटी जिवाणू. बुरशीनाशक चार-आठ दिवस आधी लावून ठेवलं तर आणखी बरं. तांब्याचं बुरशीनाशक जिवाणूंच्या जवळपास येऊ देऊ नका.

इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. हरभऱ्याच्या मर रोगानं वैतागलो होतो. कुणीतरी सांगितलं ट्रायकोडर्मा लाव, दुसऱ्यानं सांगितलं कार्बेन्डाझिम लाव. मी दोन्ही लावलं, एकाच सकाळी, एकाच घमेल्यात. मला वाटलं दुप्पट बंदोबस्त. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम बुरशी मारायलाच केलेलं आहे, हे डोक्यात आलंच नाही. पैसे देऊन राखणदार आणला आणि दारातच त्याला मारला. मर त्या वर्षीही आली. म्हणून रासायनिक बुरशीनाशक लावणार असाल तर ट्रायकोडर्मा त्या बियाण्याला लावू नका. तो शेणखतातून द्या. आणि ट्रायकोडर्माच लावणार असाल तर किलोला ५ ग्रॅम, त्यानंतर रायझोबियम आणि पीएसबी. या तिघांचं आपसांत जमतं.

ट्रायकोडर्माचं पाकीट वाचताना गोंधळू नका. तो खतांत येत नाही, कीटकनाशक कायद्याखाली येतो आणि त्याचा किमान आकडा ग्रॅमला २० लाख असतो. पाच कोटींपुढं वीस लाख वाचून माल हलका आहे असं समजायचं कारण नाही.

मात्र हा राखणदार आहे, डॉक्टर नाही. मर आलेलं झाड, कंद कुजलेलं आलं किंवा हळद त्यानं बरी होत नाही. रोगाची बुरशी यायच्या आधी त्यानं मुळाभोवती जागा धरलेली असली पाहिजे. साताऱ्याकडचे आल्याचे बागायतदार आणि वसमत-हिंगोलीकडचे हळदवाले हे चांगलं ओळखून आहेत. लागवडीआधी पंधरा दिवस त्याची वाढ शेणखतातच करून घ्यायची. ९० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, १० किलो निंबोळी पेंड आणि किलो-दोन किलो ट्रायकोडर्मा सावलीत एकत्र करा. ओल एवढीच ठेवा की मूठ आवळली तर लाडू बसावा, पण बोटांतून पाणी निघू नये. वर ओलं गोणपाट झाका. तीन-चार दिवसांनी हात घालून उलथापालथ करा. पंधराएक दिवसांत ढिगावर आधी पांढरी आणि मग हिरवट बुरशी चढते. ती दिसली की माल तयार. ते खत गादीवाफ्यात, कंदांच्या जवळ द्यायचं. कच्चं, गरम शेणखत घेतलं तर आतल्या उष्णतेनंच सगळं संपतं. ढिगात हात घालून बघा, हाताला चटका बसला तर थांबा. ट्रायकोडर्मा ठिबकमधून द्यायचा असेल तर फडक्यानं दोनदा गाळा, नाहीतर ड्रिपरची तोंडं साफ करत बसाल.

पीएसबीबद्दल थोडं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात डीएपीतला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जातो. पहिल्या हंगामात पिकाला जेमतेम १५ ते २० टक्के मिळतो. हे जिवाणू आम्लं सोडून तो थोडा-थोडा मोकळा करतात. नवीन स्फुरद ते आणत नाहीत. तिजोरी आपलीच, किल्ली त्यांची. मायकोरायझा ही मुळांवर राहणारी बुरशी वेगळ्या पद्धतीनं तेच काम करते. मुळाच्या केसापेक्षाही बारीक तंतू लांबवर पसरून स्फुरद, जस्त आणि थोडं पाणीही ओढून आणते. ती जिवंत मुळावरच जगते, म्हणून फळझाडाच्या खड्ड्यात, रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये, नेमकी मुळाला लागेल अशी द्या. पसरून फेकू नका. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळाशी तिचं जमत नाही; तिथं पैसे वाचवा. आणि स्फुरद खताचा मारा असेल तिथं पीक तिलाही विचारत नाही.

ज्वारी, कापूस, गहू यांना लावतात तो ॲझोटोबॅक्टर मुळाभोवती मोकळा राहतो, गाठी करत नाही. त्याचा परिणाम डोळ्याला दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्याच्या भरवशावर पहिल्याच वर्षी युरिया निम्मा करू नका. उसाचं वेगळं. ॲसिटोबॅक्टर उसाच्या आतच घर करतो; डोबेराइनर बाईंना १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसात सापडलेला हाच तो. हेक्टरच्या बेण्याला १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी कालवून बेणं अर्धा तास बुडवायचं. बुरशीनाशकाची बुडवणी आधी, ही त्यानंतर.

हे सगळं करूनही गडी उपाशी राहिले तर काम कोण करणार? मातीपरीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. ०.५ टक्क्याच्या खाली तो कमी धरतात. आपली बरीच रानं त्याच्या खालीच आहेत. मूळ जिवंत असेपर्यंत जिवाणूंना मुळातून पाझरणारी साखर मिळते, पण पीक निघाल्यावर त्यांनी खायचं काय? धसकटं, पालापाचोळा, भुसा, पाचट. आणि त्यालाच आपण मार्चमध्ये काडी लावून मोकळे होतो. पाचट जाळू नका हे आता सांगून सांगून गुळगुळीत झालं आहे, म्हणून कुजवायचं कसं तेवढंच सांगतो. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. सरीत पाचट दाबून पाणी द्यायचं. युरिया कशाला, असं विचारतील. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. कुजवणारे जीव तो नत्र मातीतून उचलतात आणि तेवढा काळ पीक मागं पडतं. ती उचल आपण भरायची.

जीवामृताचं विचारणारे खूप आहेत. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी वापरतो. शेण-गूळ-बेसनानं मातीतल्या जिवांना खाऊ मिळतो, हे उघड आहे. पण पिंपात वाढतात ते जे आधीपासून त्यात असतील तेच. ज्या बांधाच्या मातीत सोयाबीनचा जिवाणू नाही, त्या मातीच्या जीवामृतातून तो येणार कुठून? जीवामृत रायझोबियमच्या ऐवजी नाही, त्याच्या जोडीला घ्या.

तुमच्या रानात हे चालतं की नाही, ते मी सांगू नये आणि दुकानदारानंही नाही. ते तुमचं रान सांगेल, पण त्यासाठी चार ओळी मोकळ्या सोडाव्या लागतात. रानाच्या मधोमध, बांधापासून आत, चार तासं जिवाणू न लावता पेरा आणि दोन्ही टोकांना खुंटी ठोका. ही तासं आधी पेरा. आधी लावलेलं बियाणं पेरलं तर पाभरीच्या चाड्याला, नळ्यांना जिवाणू चिकटून राहतात आणि बिनलावलेल्या बियाण्यालाही लागतात. मग फरक काय दिसणार?

पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांनी, फुलकळी दिसायच्या सुमारास, दोन्हीकडची पाच-पाच झाडं कुदळीनं काढा, बादलीत भिजवा. नुसत्या गाठी मोजू नका, त्या कुठं आहेत ते बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात दाटीनं असतील तर त्या बियाण्यावर लावलेल्या जिवाणूंच्या. लांबच्या आडव्या मुळांवर विखुरलेल्या असतील तर बहुधा रानातल्या जुन्या वस्तीच्या. प्रत्येक झाडाच्या दोन-तीन फोडा, रंग बघा. आणि एक खबरदारी. मुळांवर सूत्रकृमीच्याही गाठी होतात. जिवाणूची गाठ मुळाला बाजूनं लटकलेली असते, अंगठ्यानं सरकवली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती सुटत नाही, मूळ तुटतं. एका ओळखीच्यांनी अशा गाठी बघून वर्षभर जिवाणूंचे गोडवे गायले होते.

शेजारच्या त्या पोरानं यंदा चार तासं सोडली आहेत. खुंट्या जरा जास्तच मोठ्या ठोकल्यात, कुळवात अडकतात म्हणून वडील त्याच्यावर ओरडले. पाकिटं त्यानं या वेळी माझ्याच माजघरात ठेवली होती, माठाजवळ. सोयाबीनचं एक उघडं पाकीट उरलं, ते हरभऱ्याला चालेल का म्हणून विचारत होता. चालत नाही. पुढच्या जूनपर्यंत टिकतही नाही. उकिरड्यावर शिंपडून टाक, म्हटलं, आणि हरभऱ्याचं नवं आण, ऑक्टोबरात, डिकीत न ठेवता.